भर पुरात बोटीचं इंजिन बंद पडलं तर? पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळच्या दुर्घटनेनंतरही न सुटलेला प्रश्न

८ ऑगस्ट २०१९, गुरुवार. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडून गेलं होतं. पुढे ते ५७ फुटांवर पोहोचलं. पलूस तालुक्यात कृष्णा आणि येरळा जिथे मिळतात, तिथलं ब्रह्मनाळ गाव पाण्याने वेढलं होतं. गावातून बाहेर पडायला एकच साधन उरलं होतं, ते म्हणजे बोट. ती बोट माणसं घेऊन निघाली आणि उलटली. बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं पाण्यात पडली. पहिल्या दिवशी नऊ मृतदेह हाती लागले आणि नंतर मृतांचा आकडा १७ वर गेला.

ही बोट एनडीआरएफची किंवा लष्कराची नव्हती, गावातलीच होती. क्षमतेपेक्षा जास्त, म्हणजे तीसच्या आसपास माणसं तिच्यात बसली होती. झाडाची फांदी बोटीच्या पंख्यात अडकली, असं त्या दिवसांतल्या बातम्यांमध्ये सांगितलं गेलं. त्या वेळी चर्चा झाली ती मदत उशिरा का पोहोचली, धरणातून पाणी कधी सोडलं, अलमट्टीचं काय, यावर. हे प्रश्न महत्त्वाचे होतेच. पण एका साध्या प्रश्नाकडे फारसं कुणी वळलं नाही. वाहत्या पाण्यात, माणसांनी भरलेल्या जुन्या बोटीचं इंजिन अडलं की नेमकं काय होतं? आणि त्या वेळी बोटीतल्या माणसाने काय करायचं?

कृष्णाकाठची अनेक गावं अजूनही पावसाळ्यात बोटीच्या भरवशावर असतात. एरवी औदुंबरला दत्तदर्शन घेऊन पलीकडे भुवनेश्वरीच्या देवळात जायला लोक नावेत बसतातच. त्यामुळे हा प्रश्न फक्त पुरापुरता नाही.

आउटबोर्ड इंजिन म्हणजे काय?

बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड. बचाव पथकातले लोक त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. वर झाकणाखाली इंजिन, मधे उभा दांडा आणि पाण्याखाली गिअरपेटी व पंखा, अशी त्याची रचना. इंजिन वळवलं की पंखा वळतो आणि बोट वळते. वेगळं सुकाणू नसतं.

ही सोयच संकटात अडचण ठरते. इंजिन बंद पडलं की बोट ढकलणारी शक्ती जाते आणि दिशा देणारी शक्तीही त्याच क्षणी जाते. ब्रेक निकामी झाला तरी गाडीचं स्टिअरिंग हातात असतं. इथे दोन्ही एकदम जातात. चालकाने कितीही हँडल फिरवलं तरी बोट प्रवाहाला आडवी होते.

आडवी झालेली बोट वाहत वाहत झाडाला, खांबाला किंवा घराच्या भिंतीला जाऊन टेकते. तिथे ती थांबते, पाणी मात्र थांबत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा दाब चौपट होतो. हा दाब बोटीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतं त्या बाजूला बसतो. बोटीतली माणसं घाबरून झाडापासून दूर, म्हणजे नेमकी त्याच बाजूला सरकतात. ती कड पाण्याखाली जाते आणि बोट काही सेकंदांत पालथी होते.

म्हणून एक गोष्ट अंतःप्रेरणेच्या उलट असली तरी लक्षात ठेवायला हवी. बोट झाडाला किंवा भिंतीला आडवी लागली, तर सगळ्यांनी त्या झाडाच्या बाजूला झुकायचं. वेगवान नद्यांत राफ्टिंग शिकवणारे जगभर पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

इंजिन बंद का पडतं?

पलूस तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगणं तसं सोपं आहे. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे आणि नदीवरची मोटर बिघडली की तिचं काय होतं, हे इथे घरोघरी माहीत आहे. आउटबोर्डचे अर्धे आजार तेच आहेत.

पहिला आजार पेट्रोलचा. गावातली बोट वर्षातले अकरा महिने ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये किंवा कुणाच्या तरी गोठ्यात पडून असते. टाकीत मागच्या वर्षीचं पेट्रोल राहिलेलं असतं. कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. पेट्रोल ज्या बारीक छिद्रातून जातं, ते छिद्र बुजतं. असं इंजिन काठावर चालू होतं, मंद गतीवर चालतं आणि भार आला की धापा टाकत बंद पडतं. काठावर लोकांना वाटतं, ‘झालं, चालू आहे.’ मग त्यात माणसं बसतात.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. सांगली जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉलबद्दल इथे वाईट बोलणं अनेकांना आवडणार नाही. पण इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. टाकी महिनोन्‌महिने अर्धी भरलेली राहिली, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बनतो. इंजिनाला जाणारी नळी टाकीच्या तळातूनच ओढते. शिवाय जुन्या नळ्या आणि रबरी भाग इथेनॉलने मऊ पडतात किंवा तडकतात. जुनी आउटबोर्ड इंजिनं जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेली आहेत. त्यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. वापर संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करायचं आणि पूर येण्याआधी ताजं पेट्रोल भरायचं.

दुसरा आजार हवेचा. नदीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळत असेल तर पंप हवा ओढतो आणि पाणी चढत नाही. बोटीच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीचं तसंच आहे. नळीच्या टोकाचं रबरी कडं झिजलं, तर पेट्रोल बाहेर गळताना दिसत नाही, पण हवा आत शिरते. नळीच्या मधोमध एक रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं असतं. फुगा दाबून दाबून घट्ट होत नसेल, तर हवा शिरते आहे किंवा टाकीच संपली आहे. चालताना तो चपटा होत असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला आहे. इतक्या क्षुल्लक कारणानेही इंजिन बंद पडतं.

तिसरा आजार थंड राहण्याचा. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. ते नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. त्यासाठी खालच्या पेटीत रबराचा छोटा इंपेलर असतो. इंजिन चालू असताना मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक पिचकारी उडत राहते. पिचकारी आहे, म्हणजे पाणी फिरतंय. ती थांबली की इंजिन काही मिनिटांत तापून जाम होऊ शकतं. पुराच्या पाण्यात गाळ, पाचट आणि प्लास्टिक असतं, त्यामुळे पाणी ओढण्याची जाळी पटकन बुजते. गाळ रबराला घासून काढतो, ते वेगळंच. वर्षभर एकाच स्थितीत पडून राहिलेला इंपेलर वाकलेलाच राहतो आणि त्याची पाती कडक होतात. कोरड्या जागेत ‘चालतंय का बघू’ म्हणून इंजिन चालू केलं, तर तोच इंपेलर मिनिटभरात जळतो. चाचणी घ्यायची तर पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवूनच घ्यावी लागते.

आणि चौथा, ब्रह्मनाळच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचा, तो पंख्याचा.

पुरात बोट नदीतून जात नाही, शेतातून जाते

शांत तलावात चालणारी बोट आणि पुरातली बोट यांतला फरक इथे आहे. पूर आला की बोटीखाली नदीचं पात्र नसतं. खाली ऊस असतो, द्राक्षबाग असते, गोठा असतो, विजेचे खांब असतात. पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षाचे मांडव लोखंडी अँगल आणि तारांवर उभे असतात. पाणी सहा-सात फुटांवर आलं की ते मांडव वरून दिसत नाहीत, पण पंख्याच्या खोलीवर तारा तशाच ताणलेल्या असतात. उसाचा पाला, ठिबकच्या नळ्या, साड्या, जाळी हे सगळं पंख्याभोवती दोरीसारखं गुंडाळतं.

पंख्यात काही अडकलं की दोनपैकी एक घडतं. एक तर इंजिन गिअरमध्ये टाकताच घुसमटून बंद पडतं. किंवा इंजिन जोरात ओरडतं, पण बोट जागची हलत नाही. हा दुसरा प्रकार लोकांना कळत नाही. लहान आउटबोर्डमध्ये पंखा आणि दांडा यांच्यामध्ये एक मऊ धातूची खीळ असते, तिला शिअर पिन म्हणतात. पंखा कशावर आदळला तर गिअर तुटू नयेत म्हणून ही खीळ स्वतः तुटते. घरातल्या फ्यूजचंच हे भावंड. मोठ्या इंजिनात तिच्या जागी रबरी बुश असतं, जुनं झालं की ते घसरू लागतं. खीळ तुटली तर ती बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, पण जवळ दुसरी खीळ, पक्कड आणि कॉटर पिन असेल तरच. खिळ्याचा तुकडा ठोकून चालवणारे लोक आहेत. तो तुकडा पुढच्या धडकेत तुटत नाही, मग गिअर तुटतो.

बंधारे हा आणखी एक लपलेला धोका. कृष्णेवरचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे पुरात पूर्ण बुडतात. वरून फक्त पाण्याची एक गुळगुळीत कमान दिसते आणि तिच्या खालच्या बाजूला पाणी उलटं फिरत असतं. २०२४ च्या मे महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुगाव इथे प्रवरा नदीत शोधकार्य करणारी एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसं, लाइफ जॅकेट, चांगली बोट, सगळं असूनही हे घडलं. इंजिन बंद पडलेली गावची बोट अशा जागी पोहोचली, तर तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

इंजिन बंद पडलं. पहिल्या मिनिटात काय करायचं?

बहुतेक जण इंजिनाच्या दोरीला हात घालतात. तो पहिला हात नांगराला किंवा वल्ह्याला जायला हवा. प्रवाह सेकंदाला दोन मीटर असेल, तर पाच मिनिटांत बोट सहाशे मीटर खाली गेलेली असते. तेवढ्यात दोरी ओढणाऱ्याची पाठ प्रवाहाकडे असते आणि पुढे काय येतंय, हे कुणीच बघत नसतं.

म्हणून आधी सगळ्यांना खाली, शक्यतो बोटीच्या तळाशी बसवायचं. उभं राहिलेलं एक माणूससुद्धा बोटीचा तोल वर नेतं. एकाने फक्त खालच्या दिशेला बघत राहायचं. दोघांनी वल्ह्याने किंवा बांबूने बोटीचं तोंड प्रवाहाच्या दिशेला सरळ ठेवायचं. सरळ वाहणारी बोट झाडांमधून निघून जाऊ शकते, आडवी झालेली अडकते.

जागा मोकळी असेल तर नांगर टाकायचा, पण फक्त पुढच्या टोकाकडून. मागच्या फळीला, इंजिनाशेजारी नांगराची दोरी बांधण्याची चूक जीवघेणी असते. मागची फळी मुळात खाली कापलेली असते, तिथे इंजिनाचं वजन असतं, आणि दोरी ताणली की प्रवाह ती फळी आणखी खाली ओढतो. पाणी मागून आत येतं. दोरी खोलीच्या किमान पाच ते सातपट लांब सोडावी लागते. आखूड दोरीवर नांगर धरत नाही. पूर मोठा असेल आणि ओंडके वाहत येत असतील, तर नांगर टाकून थांबणंही धोक्याचं. अशा वेळी दोरी कापायला सुरी हाताशी हवी.

फोन लागत असेल तर ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. इंजिन नंतर दुरुस्त होईल असं वाटलं तरी फोन आधी करायचा. मदत निघालेली असताना इंजिन चालू झालं, तर कुणाचं काही बिघडत नाही.

मग इंजिनाकडे

इंजिन कसं बंद पडलं, यातच बहुतेक वेळा उत्तर असतं.

एकदम, बटण दाबल्यासारखं बंद झालं, तर लाल रंगाची क्लिप आधी बघायची. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली ही दोरी निघाली की इंजिन मुद्दाम बंद होतं. चालक पाण्यात पडला तर फिरता पंखा त्याच्यावर येऊ नये, यासाठी ती सोय असते. गर्दीच्या बोटीत कुणाचा तरी हात लागून ती निघते आणि लोक अर्धा तास दोरी ओढत बसतात.

धापा टाकत, गचके देत बंद झालं, तर पेट्रोल. हवेचा स्क्रू, फुगा, नळीची दोन्ही टोकं, या क्रमाने बघायचं.

शिट्टी वाजून किंवा वेग आपोआप कमी होऊन बंद झालं आणि पिचकारी थांबलेली असेल, तर ते तापलं आहे. लगेच चालू करायचं नाही. पाणी ओढण्याच्या जाळीत अडकलेला पाला किंवा पिशवी काढायची आणि इंजिन थंड होऊ द्यायचं.

बराच वेळ दोरी ओढली आणि पेट्रोलचा वास येतोय, तर इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे. चोक बंद करायचा, वेगाचं हँडल पूर्ण उघडायचं आणि काही वेळा दोरी ओढायची. नसेल होत तर प्लग काढून पुसायचा. इंजिन न्यूट्रलमध्ये आहे ना, हे याआधी बघायचं. बहुतेक इंजिनं गिअरमध्ये असताना दोरीला दादच देत नाहीत.

पंख्यात काही अडकलं असेल, तर क्लिप काढून खिशात घातल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि एकानेच मागे जायचं. चार जण मदतीला मागे सरकले की मागची फळी पाण्याच्या पातळीला येते. इंजिन वर उचलून पंखा पाण्याबाहेर घ्यायचा आणि वेढे उलट्या दिशेने सोडवायचे.

दहा मिनिटांत जमलं नाही, तर वल्ह्यांनी जवळच्या संथ पाण्यात, घराच्या किंवा बांधाच्या आडोशाला जाणं बरं. विजेच्या तारांखाली मात्र नाही. पूर चढलेला असतो तेव्हा तारा हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या असतात.

जुनी बोट असेल तर?

जुन्या फायबरच्या बोटीत इंजिनापेक्षा मागची फळी जास्त धोक्याची असू शकते. फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. बाहेरून रंग छान दिसतो. ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोचं असतं. ते धरून वर-खाली हलवलं आणि फळी वाकताना दिसली किंवा बोटाने वाजवल्यावर आवाज पोकळ आला, तर ती बोट पुरात न्यायच्या लायकीची नाही. इंजिनाला बोटीशी जोडणारी एक सुटी साखळी असायला हवी. नाहीतर पकड सुटली की इंजिन थेट नदीच्या तळाशी.

सुटे भाग हाही प्रश्न असतो. आउटबोर्डला जगभर लोकप्रिय करणाऱ्या एव्हिनरूड या अमेरिकी कंपनीच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. देणगीत किंवा लिलावात मिळालेलं जुनं इंजिन घेताना त्याचा इंपेलर आणि शिअर पिन कुठे मिळते, हे आधी विचारलेलं बरं.

किती माणसं बसवायची?

बोटीवर क्षमतेचा फलक नसेल, तर अमेरिकी तटरक्षक दलाचा एक ढोबळ हिशोब वापरता येतो. लहान बोटीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजायची, गुणाकार करायचा आणि १५ ने भागायचं. १६ फूट लांब, ६ फूट रुंद बोट असेल तर ९६ भागिले १५, म्हणजे सहा माणसं. हा हिशोबही शांत पाण्यासाठी आहे.

तीस माणसं म्हणजे सरासरी ६० किलो धरली तरी अठराशे किलो. इतक्या वजनाने बोट खोल बसते, त्यामुळे पंखाही खोल जातो आणि खालच्या तारा-फांद्यांना लागण्याची शक्यता वाढते. इंजिनावर भार वाढतो, ते जास्त तापतं. आणि ते बंद पडलं, तर वल्ही मारायला हात हलवण्याइतकी जागाही बोटीत नसते. जास्त माणसं आणि इंजिनातला बिघाड ही दोन वेगळी कारणं वाटतात, पण एक दुसऱ्याला बोलावून आणतं.

अर्थात, हे कोरड्या जागेत बसून लिहिणं सोपं आहे. पाणी चढत असताना, दारात आलेल्या एकुलत्या एका बोटीतून कुणाला उतरवायचं, हे गावातल्या कुठल्या तरुणाने ठरवायचं? तो निर्णय त्या क्षणी होत नाही. कोण आधी जाणार, किती फेऱ्या होणार, बोट कोण चालवणार, हे जूनमध्येच ग्रामसभेत ठरलेलं आणि फलकावर लिहिलेलं असेल, तरच ऑगस्टमध्ये कुणाला ‘थांबा’ म्हणता येतं.

कायदा काय सांगतो?

१९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ आला. त्यानुसार नदी-तलावात यंत्रावर चालणाऱ्या बोटींची तपासणी आणि नोंदणी बंधनकारक आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे येतं. प्रवासी बोटींबाबत हा विषय पुन्हा पुन्हा वर येतो. मे २०२४ मध्ये उजनी धरणात कळाशी-कुगाव दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही तो आला होता.

गावाने मे महिन्यात काय करावं?

मेकॅनिक शोधायला मुंबईला जायची गरज नसते. दुचाकीचा चांगला मिस्त्री प्लग, कार्बोरेटर आणि दोरीचं काम करू शकतो. इंपेलर आणि खालच्या पेटीचं तेल बदलायला मात्र कंपनीचं पुस्तक किंवा माहितगार माणूस लागतो. पेटीतलं तेल काढल्यावर ते दुधासारखं पांढरट दिसलं, तर सील गेलं आहे आणि आत पाणी शिरलं आहे. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, ते इंजिनाच्या झाकणावरच रंगाने लिहून ठेवावं. अनेक इंजिनांना पन्नास लिटरला एक लिटर लागतं, पण आपल्या इंजिनाचं प्रमाण पुस्तकात बघूनच.

मग बोट नदीत उतरवायची आणि माणसांऐवजी वाळूची पोती भरून, प्रवाहाच्या उलट दिशेने अर्धा तास चालवायची. मंद गतीवर नाही, भारावर. जे बिघडायचं आहे ते तिथे बिघडतं. इंजिनाची चाचणी माणसांपासून दूरच घ्यायला हवी, हे मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला दिसलं. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट नियंत्रण सुटून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली होती.

बोटीसोबत एका घट्ट झाकणाच्या डब्यात दोन शिअर पिन, कॉटर पिन, दोन प्लग, प्लगचा पाना, पक्कड, सुरी, नळीची रबरी कडी, जादा क्लिप आणि दोरी ओढायची यंत्रणा तुटली तर गुंडाळायला दीड-दोन मीटरची सुती दोरी एवढं ठेवावं. सगळं मिळून खर्च एका लाइफ जॅकेटच्या आसपास जातो. बोटीत दोन वल्ही, एक लांब बांबू, नांगर आणि दोरी असावी. आणि लाइफ जॅकेट जितकी असतील, तितकीच माणसं.